धवलारणीचा घसा

माझ्या आईचा कुणावर विश्वास नव्हता. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. आमच्याच गोठ्यातल्या आमच्याच म्हशीचं दूध एखाद्या दिवशी पातळ लागलं, तर ती म्हशीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, "कुठं देऊन आलीस गं?" म्हैस मान खाली घालायची. मला अजून वाटतं, ती खरंच कुठंतरी देऊन येत असावी, कारण आईसमोर खोटं उभं राहायची छाती माणसांत नव्हती तशी गुराढोरांतही नव्हती. अशा बाईच्या घरात, ऐन लग्नाच्या तोंडावर, तिच्या थोरल्या जावेचा आवाज गेला. पुढं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

आवाज तसा कुणाचाही जातो. पण हिराकाकीचा आवाज आमच्या एकट्या घराचा नव्हताच, कर्जतपासून खालापुरापर्यंत ज्या ज्या दारात मांडव पडला त्या सगळ्यांचा त्यावर हक्क होता. काकी धवलारीण होती. आमच्याकडं लग्नात धवलारणीनं धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हटल्याशिवाय काही हलत नाही. तिनं हळदीचा धवला उचलला की हळद लागायची, तिनं धवल्यात नाव घेऊन बोलावलं की मामा उठायचा, मावशी उठायची. भटजी आला तर ठीक, नाही आला तर त्याच्या वाटणीचे लाडू आम्ही खायचो. काकीनं कळंबच्या माळावर तोंड उघडलं की माथेरानची माकडं हातातला पेरू तसाच धरून ऐकत राहायची, आणि खोपोलीच्या कारखान्याचा भोंगा, आपल्याला आता कोण विचारतो म्हणून, लाजून उशिरा वाजायचा. यातलं माकडांचं मी स्वतः पाहिलंय. भोंग्याचं नामाकाका सांगायचा. नामाकाका म्हणजे काकीचा नवरा, त्याच कारखान्यात पाळीवर जायचा, आणि उशीर झाला की हेच कारण सांगायचा.

आता लग्न होतं ते काकीच्याच एकुलत्या एका मुलीचं, मंदाचं. माझ्यापेक्षा थोडी मोठी, आम्ही एका गोधडीत वाढलो. हंगामातला शेवटचा मुहूर्त, मांडवाचे बांबू आलेले, तांदूळ निवडून झालेले, आणि जिनं अख्ख्या मुलखातल्या पोरी गाऊन सासरी पोचवल्या तिच्याच पोरीच्या हळदीला घरात आवाज नाही! त्यात आमच्याकडं समजूत अशी, की घरात धवलारीण असताना बाहेरची बोलावू नये. बोलावली तर लोक म्हणणार, मायलेकीत काहीतरी बिनसलंय. अशी गोष्ट लग्नाआधीच सासरी पोचते आणि पोरीला जन्मभर पुरते. म्हणजे एकतर काकीचा घसा सुटायला हवा होता, नाहीतर मंदाच्या नावाला कायमचा बट्टा लागणार होता, असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

घसा कशानं बसला, हे मला पक्कं माहीत होतं. आदल्या आठवड्यात ठाकरवाडीची बुधीबाई शेवळं घेऊन आली होती. शेवळं ही आमच्या डोंगरातली पावसाच्या तोंडावरची रानभाजी. चवीला अशी, की माणूस ताट चाटून पुसून परत ठेवतो, पण भलती खाजरी. तिच्यात काकडं नावाची आंबट फळं पुरेशी घातली तरच खाज मरते, नाहीतर ती घशातून आत जाताना प्रत्येक पायरीवर नखं रोवत जाते. बुधीबाईनं काकडं दिली होती ओंजळभर. त्यातली निम्मी आईनं, ही नासकी असणार, या संशयावरून उकिरड्यावर टाकली आणि त्यांच्या जागी चिंच घातली. त्या दिवशी जेवून उठल्यावर आम्ही सगळी एकमेकांकडं बघून घसा खाकरत होतो, जणू पंचायतीची बैठक भरलीय. काकीला आधीच सर्दी होती, तिचा आवाजच गेला. बोलायला गेली की दाराच्या बिजागरीसारखं नुसतं कुरकुरायचं.

पण हे आईला सांगणार कोण? बुधीबाई काकडांची टोपली घेऊन परत आली तेव्हा मी तिच्याकडं सूचक बघितलं. तिनं एका नजरेत चुलीवरचं, उकिरड्यावरचं सगळं ओळखलं आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमची काकडं फेकली नि घसा बसला म्हनून आमच्या नावानं वरडायचं नाय हां, बाय." आई म्हणाली, "तुझ्या नावानं कोण वरडतंय? मला माहीत हाय हे कुणाचं काम हाय ते."

आणि आईनं ते नाव सांगितलं. गंगूबाई. खालापूरच्या बाजूची दुसरी धवलारीण, काकीच्या तोडीची, आणि म्हणून आमच्या घरात जिचं नाव जेवताना काढायचं नाही अशी. मागच्याच एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या होत्या, एक मुलाकडून, एक मुलीकडून, आणि रात्र संपली तरी दोघींपैकी एकही हटली नव्हती. निघताना गंगूबाईनं काकीला विडा दिला होता. एवढंच. पण आईच्या डोक्यात तो विडा रुजला, त्याला पानं फुटली आणि त्याचा वेल झाला.

"शेंदूर घातला तिनं विड्यात," आई म्हणाली. गाणाऱ्याला शेंदूर खाऊ घातला की घसा कायमचा जातो, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. "मी बगितलं ना, विडा देताना तिची बोटं शेंदरी व्हती!"

"अगं, कातानं झाली असतील," नामाकाका म्हणाला.

"तुमाला काय ठाऊक? तुमी काय तिची बोटं बगायला गेल्तात?"

काकानं सायकल काढली. आता यापुढं काहीही बोललं तर संशय दुसरीकडंच जाणार, हे कळण्याइतका तो शहाणा होता.

बातमी पसरली आणि औषधं सुरू झाली. आमच्या गावातल्या प्रत्येक घरात घशावरचा एक रामबाण इलाज असतो, आणि प्रत्येक घराला शेजारच्या घराचा इलाज म्हणजे निव्वळ विष वाटतं. एकीनं अडुळशाचा काढा आणला, डांबरासारखा काळा, त्यात चमचा उभा राहत होता. दुसरीनं कांद्याचा रस मधात कालवून आणला. सुंठ-गूळ-तुपाच्या गोळ्या आल्या, एवढ्या, की गोट्या खेळायला पुराव्यात. गवती चहा, तुळस, मिरी घालून उकळलेलं पाणी आलं, हळदीचं दूध आलं, सहाणेवर वेखंड उगाळून कपाळाला लागलं, तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी छातीवर बसली. मिठाच्या गुळण्या तर इतक्या झाल्या की परसातली केळी खारट लागली. ओढ्यातले खेकडे ठेचून त्यांचं झणझणीत कढण आलं. ते नाकातून, कानांतून, दिसेल त्या वाटेनं सर्दी बाहेर काढतं म्हणतात. काकी सगळं मुकाट पीत होती आणि घशाला हात लावून मान हलवत होती, नाही.

पण मध्ये आई होती. शेंदराच्या धास्तीनं तिनं नियम काढला, की आणणारीनं आधी स्वतः पिऊन दाखवायचं, मगच काकीला. आणणाऱ्या बाया चिडल्या, पण प्यायल्या. आईचं तेवढ्यावर भागलं नाही. "घोटभर कुनीबी पितं," म्हणून तिनं घरातला एक माणूसही चाखायला बसवला. तो अर्थात नामाकाका. त्याचा परिणाम असा झाला की काकी सोडून सगळ्या गावाचे घसे धुऊन निघाले. ज्या बाया कधी हू का चू करायच्या नाहीत त्या विहिरीवर खणखणीत भांडायला लागल्या. आणि नामाकाका, ज्याला जन्मात सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तो पाळीवर जाताना सायकलवर असा काही गायचा की वाटेतली कुत्री त्याच्यामागं भुंकायची विसरून बसून राहायची.

आता हे लिहिताना हसू येतं, कारण परवाच नातवानं मला कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर जेवायला नेलं. तिथं मातीच्या कपात काढा दिला, वर तुळशीचं एक पान तरंगत होतं, मेलेल्या माशीसारखं एकटं. वाढणारा पोरगा म्हणाला, "आजी, हा अगदी गावाकडचा, ओरिजिनल." मी म्हटलं, बाळा, आधी तू पी. तो हसला, पण प्यायला नाही. मग मीही नाही प्यायले. आईचं रक्त आहे, कुठं जाणार!

तर, काकीचा घसा काही सुटेना. आणि इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. शेवळाची खाज मला माहीत होती. ती दोन दिवस नखं मारते आणि जाते. आमची सगळ्यांची गेली होती. काकीची सर्दीही गेली, नाक कोरडं झालं, जेवण पूर्वीसारखं, उलट जास्तच. मग आवाज कुठं अडकला? मी काकीवर लक्ष ठेवायला लागले. ती मंदाच्या ट्रंकेत लुगडी घालताना बघायची, पुन्हा काढून घालायची. मंदा "आई, बोल ना गं काहीतरी" म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवायची, तेव्हा काकी तिच्या केसांतून हात फिरवायची आणि दुसरीकडं बघायची. आजारी माणूस असं दुसरीकडं बघत नाही.

हळदीच्या आदल्या दुपारी काकी धुणं घेऊन नदीवर निघाली. आईनं मला कोपरानं ढोसलं. "यमे, जा तिच्या मागं. हल्ली लई धुणं निघतंय तिचं. मला कायतरी दिसतंय." आईला नेहमीच कायतरी दिसायचं, पण त्या दिवशी मलाही दिसत होतं. मी गेले.

नदीला पाणी म्हणण्यासारखं नव्हतं, दगडांमधून धार जात होती. करंजाच्या सावलीत धुण्याचा गठ्ठा न सोडता ठेवलेला. त्याच्या पलीकडं काकी बसलेली, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून गंगूबाई! आता ही हिला उघडउघड शेंदूर चारणार, असं मला वाटलं, आणि मी ओरडणार तेवढ्यात काकीचा आवाज आला. स्वच्छ. धुतलेल्या तांब्यासारखा.

"मामाचं नाव पयलं नको घेऊस, गंगू. पयली मावशी घे, सखूमावशी. मला पान्हा नवता तवा तिनं पोरीला अंगावर पाजलीय."

"ती तर वारली ना गं? मेलेल्या बाईचं नाव हळदीच्या धवल्यात?"

"घे म्हटलं ना. मी घेतलं असतं."

"बरं, घेते. सासऱ्याच्या नावाला वर चढायचं का खाली?"

"खाली. त्याला वर चडवू नको, तो आदीच चडलेला हाय."

दोघी खदखदून हसल्या. मला राहवलं नाही. मी पुढं झाले नि म्हटलं, "काकी! तुझा घसा!"

काकीनं दचकून गळा धरला आणि बिजागरीसारखी कुरकुरत खोकायला लागली. गंगूबाई दगडावरून घसरेपर्यंत हसली. "आता कशाला खोकतीस गं? पोरीनं पुरा धवला आयकला."

काकी खोकायची थांबली. पदरानं तोंड पुसलं. "बस इथं," मला म्हणाली. "तुझ्या आईनं पाटवलं?"

मी मान हलवली.

"वाटलंच. हे बग, खोटं नाय बोलत. शेवळानं घसा खरंच बसलेला. मग सुटला. सुटला तवा मनात आलं, सांगायची काय घाई हाय?" तिनं पाण्यात पाय सोडले. "धवला चालू असला की धवलारणीनं रडायचं नसतं, यमे. टिपूस पडला तर धवला तुटला. इतक्या पोरी वाटंला लावल्या मी. त्यांच्या आया मांडवात लोळायच्या नि मी कोरडी ठणठणीत हुबी. बाया मागं बोलतात, हिरीचं काळीज दगडाचं. मला एकच पोर. तिच्या लग्नात मला धवलारीण नाय व्हायचं. आई व्हायचंय."

"मग घरात सांग ना सरळ."

"कुनाला, तुझ्या आईला? मी चांगली धडधाकट असून बाहेरची बोलावली, तर ती म्हनंल गंगीनं करणी केली, नि लोक म्हनतील मायलेकीचं वाकडं. घसा बसला म्हटलं की कोन काय बोलतंय? घसा कुनाचाबी बसतो."

"आणि तो अडुळसा? ते खेकड्याचं? सगळं उगाच प्यालीस?"

काकीनं डोळे मिटले. "त्याची आठवन नको काढूस. अजून पोटात उकळतंय."

मी गंगूबाईकडं बघितलं. खरं सांगते, माझा तिच्यावर तेव्हाही विश्वास नव्हता. उद्या हिनं बाजारात सांगितलं, की हिरीनं स्वतःच्या पोरीसाठी माझे पाय धरले, तर? तिलाही माझ्या तोंडावरून ते कळलं असावं. म्हणाली, "काय बगतीस? तुझ्या आईचं डोळं हायत तुला." आणि जाता जाता टोला दिला, "पर आधी मांडवात तर येऊ दे मला. तुझी आई दारातच विळी घेऊन बसंल."

ते मात्र खरं होतं. काकी पीत होती त्या काढ्यांचा, खोकत होती त्या खोकल्याचा, सगळ्याचा शेवट आईच्या विळीपाशी येऊन थांबत होता. घरी आले तेव्हा आई सांगतच होती, की आवाज नाही तर नाही, मी स्वतः म्हणेन दोन धवले, पण त्या गंगीला पाऊल टाकू देणार नाही. आईचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत हे तुमचं नशीब. नारळ किसताना किसणी बोलते तसा होता.

मी तांदळाच्या सुपापाशी बसून, तिच्याकडं न बघता म्हटलं, "बरोबर हाय तुझं. तिला तेच पायजे."

"काय पायजे?"

"आपण बोलवू नये. मग ती गावोगाव सांगणार, हिरीच्या घरचे मला भ्याले."

आईचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत तो संशय उगवताना मी पाहिला, चुलीतला निखारा फुंकर घातल्यावर उजळतो तसा. "असं हाय काय रांडेच्या मनात?" ती म्हणाली. "मग बोलवनारच. माझ्या डोळ्यांम्होरं बसवनार, नि पानी पन माझ्या हातचं देनार." आणि तिनं नामाकाकाला त्याच पावली सायकलवर धाडलं. काका गातच गेला.

हळदीला गंगूबाई आली. आई तिच्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तिच्या बोटांवरून नजर काढली नाही. पाहुण्यांनी विचारलं, तर काकी गळ्याला हात लावून दाखवायची आणि बाया च् च् करायच्या. कुणी मायलेकींबद्दल शब्द काढला नाही, उलट बिचारी म्हणाले. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच गंगूबाईनं धवल्यात सखूमावशीचं नाव घेतलं. मंदा हळदीच्या पाटावर हुंदका देऊन रडली. आणि आईचे कान टवकारले.

"सखूचं नाव हिला कुनी सांगितलं?" ती माझ्या कानात म्हणाली. "ही खालापूरकडची. सखू मेली तवा ही इथं नवती. कुनी सांगितलं?"

काकी समोरून माझ्याकडंच बघत होती.

"बुधीबाईनं सांगितलं असंल," मी म्हटलं. "ती तिकडं पन भाजी विकते."

"बुधी!" आई दात खाऊन म्हणाली. "तरीच काकडं नासकी दिली तिनं." आणि तिचा संशय डोंगर चढून ठाकरवाडीला गेला. मी सुटले. बुधीबाईला या सगळ्याची कधी कल्पना आली असेल असं वाटत नाही, आली असती तर तिनं शेवळांचा भाव वाढवला असता.

पाठवणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. टेंपो दारात उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता. गंगूबाई मांडवाच्या खांबाला टेकून शेवटचा धवला म्हणत होती, हळू, खालच्या पट्टीत. तिचा आवाज काकीसारखा मोठा नव्हता, पण सुरात पक्का. तिचा सूर हलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या गोष्टीचा तिला ताठाही होता. मंदा सगळ्यांच्या पाया पडत काकीपाशी आली, वाकली, आणि वाकतानाच म्हणाली, "आई."

काकी फुटली. मला त्याला दुसरा शब्द सापडत नाही. इतक्या मांडवांत अडवून ठेवलेलं सगळं एकदम आलं, आणि ते आलं तिच्याच आवाजात. त्या खणखणीत, भरलेल्या आवाजात. बसलेला घसा असा रडत नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. टेंपोच्या ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. मुलाकडच्या दोन बायांनी एकमेकींकडं बघितलं. आईची मान काकीकडं वळायला लागली.

तेवढ्यात गंगूबाईनं सूर उचलला. एकदम वर, तिच्या आवाक्याच्या पार वर. आवाज चिरकला, सूर सुटला, ताल गेला, तरी ती थांबली नाही. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा फुगवून ती अशी काही ओरडत होती की मांडवातली सगळी माणसं तोंड वासून तिच्याकडंच बघायला लागली. पोरं हसली. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. या मुलखातली नावाजलेली धवलारीण भर मांडवात बेसूर गात होती, आणि एकेक ओळ आधीच्या ओळीपेक्षा वाईट होत होती.

आईनं माझा दंड दाबला. तिचा चेहरा आनंदानं उजळला होता. "आयकलंस?" ती म्हणाली. "गेला सूर मेलीचा! आपली हिरीच खरी."

"हो आई," मी म्हटलं.

आणि हिराकाकी, तिच्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं, मंदाच्या गळ्यात पडून पोटभर रडत होती.